सालाखालचा ठिपका

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या मालतीबाई चौधरी मोबाईल हातात घेऊन माझ्या ओट्यावर आल्या. पडद्यावर एक रुपयाच्या नाण्याचे चित्र होते आणि त्याखाली मजकूर होता: 'हे नाणे तुमच्या घरात असेल, तर तुम्ही लखपती आहात. लिलाव सुरू झाला आहे.' मालतीबाईंच्या देवघरातल्या डबीत तसली चार नाणी निघाली होती.

"नाना, चार लाख झाले ना हो?"

"चार रुपये झाले," मी म्हणालो.

त्या रागावून निघून गेल्या. मी मात्र लिलाववाल्यास नोटीस लिहावयास बसलो. तारीख घातली, विषय घातला, आणि डावीकडे पत्ता लिहिताना हात थांबला, कारण त्या जाहिरातीला पत्ताच नव्हता. चाळीस वर्षे दुसऱ्यांची पत्रे लिहून ज्याने संसार केला, त्याला पत्ता नसलेल्या लबाडीइतका संताप दुसऱ्या कशानेही येत नाही. आमच्या काळी लबाडांना निदान पत्ता असे, आणि त्या पत्त्यावर पोचपावतीचे रजिस्टर धाडता येई. तसे एक रजिस्टर मी नव्वदीच्या सुरुवातीस धाडले होते. त्याची हकीगत आजवर मी छापण्यास दिली नाही. कारण त्या प्रकरणात मी जिंकलो, आणि तरीही त्यातली एक गोष्ट माझ्या जिवाला अजून लागून आहे.

प्रथम माझा धंदा सांगतो. मी मुद्रांकविक्रेता आणि अर्जलेखक. आधी धुळ्याच्या कचेरीत आठ वर्षे, नंतर जळगावच्या कचेरीच्या आवारात पत्र्याच्या छपराखाली, एक टेबल, एक मराठी टंकलेखनयंत्र आणि दोन खुर्च्या. लोकांना वाटते की अर्जलेखक लिहितो. वस्तुतः तो खोडतो. माणूस येतो तो राग घेऊन. धुळ्यास एक गृहस्थ शेजाऱ्याविरुद्ध अर्ज करावयास आले आणि शेजाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार माझ्याकडून टंकलिखित करून मागू लागले. मी त्यांना म्हणालो, "शिव्या तुमच्या तोंडी ठेवा, मला फक्त तारखा द्या." रागातून विशेषणे काढली आणि तारखा घातल्या की अर्ज तयार होतो. दुसरा नियम: अर्जातला कोणताही रकाना कोरा ठेवायचा नाही. माहिती असेल तर भरायची, नसेल तर 'निरंक' लिहायचे. कोरा रकाना म्हणजे दुसऱ्याच्या लेखणीस आमंत्रण. तिसरा नियम: शपथपत्रात अर्धे सत्य लिहायचे नाही. या तिसऱ्या नियमानेच पुढे घोळ केला.

भाऊराव तायडे हे मूळचे भडगावचे, लाल गाडीवर कंडक्टर. धुळे–यावल फेरी बहुधा त्यांच्याकडे असे. अंगाने किरकोळ, मिशा मात्र भरघोस. दुपारची वेळ होती. ते गणवेशातच माझ्या टेबलाशी आले, 'जयभीम, नाना' म्हणाले आणि एक रुपयाची दोन नाणी माझ्यापुढे ठेवली.

"यांतलं एक पाचशे एक रुपयांचं आहे, आणि एक, एका रुपयाचं. ओळखा."

मी दोन्ही उलटसुलट करून पाहिली. शेतीच्या विषयावर काढलेली ती नाणी होती, दोन्ही सारखीच. सालाखाली बारीकसा ठिपका.

"मला ओळखता येत नाही."

"मलाही येत नाही. म्हणूनच आलो." आणि मग शहरी भाषा गळून घरची अहिराणी वर आली, 'सगळं'चे 'बठ्ठं' झाले. "बठ्ठं खोटं शे, नाना! बठ्ठं!"

हकीगत अशी. तायड्यांना नाण्यांचा नाद. वीस-बावीस वर्षे हातातून रोज शेकडो नाणी जात, त्यांतले एखादे निराळे दिसले की ते बाजूस काढीत आणि पदरचे तेवढ्याच किमतीचे नाणे पिशवीत टाकीत. त्यांच्या पत्नी शांताबाईंनी त्यासाठी जुन्या सुती लुगड्याची एक वही शिवून दिली होती. पानापानावर लहान खिसे, प्रत्येक खिशात एक नाणे आणि एक चिठी. चिठीवर किंमत नसे. 'भडगाव, गिरणेचा पूल, यात्रेला निघालेली आजी', 'नशिराबाद, वांग्याच्या पोत्यावर बसलेला माणूस, भाडे देताना हसला', असे लिहिलेले असे. अशी दोनशे अकरा नाणी होती.

परगावच्या एका नाणेविक्री मंडळाचा टपाली लिलाव त्यांच्या वाचनात आला. ही पद्धत आजच्या वाचकास ठाऊक नसेल. मंडळाची छापील यादी टपालाने येई; प्रत्येक नगास क्रमांक, वर्णन आणि किमान बोली. आपण पोस्टकार्डावर आपली बोली लिहून धाडायची. ज्याची बोली सर्वांत मोठी, त्याला नग व्ही.पी.ने येई. व्ही.पी. म्हणजे आधी पोस्टमनच्या हातावर पैसे, मग पुडके फोडायचे. नग क्रमांक एक्केचाळीसचे वर्णन मला आजही पाठ आहे: 'सालाखाली ठिपका! टांकसाळीतील अपवादात्मक नग. आपल्या भागात क्वचितच आढळणारे. जाणकारांच्या मते मूल्य अंदाजे काही हजार.'

त्या चार वाक्यांत कायद्याने पकडावे असे एकही धड विधान नाही, हे मी प्रथम कबूल केले. 'क्वचितच' म्हणजे किती? 'जाणकार' कोण? 'अंदाजे' कुणाचा? वस्तुस्थिती एवढीच होती की सालाखालची खूण नाणे कोणत्या टांकसाळीत पडले ते सांगते. मुंबईच्या नाण्यावर हिऱ्यासारखी चौकट, हैदराबादच्या नाण्यावर चांदणी, आणि दिल्लीजवळ तेव्हा नव्याने सुरू झालेल्या टांकसाळीच्या नाण्यावर ठिपका. तिकडची नाणी खानदेशात अजून पोचली नव्हती, एवढाच काय तो अपवाद. ती लाखोंनी पडत होती आणि आमच्याकडे यावयास निघालेली होती. तायड्यांनी पाचशे एक रुपये मोजून पुडके सोडवले, आणि तीन आठवड्यांनी नशिराबादच्या थांब्यावर एका बाईने तिकिटासाठी जो रुपया दिला, त्याच्या सालाखालीही ठिपकाच होता.

"हसला असता तुम्ही त्या वेळी, नाना. मी गाडीत उभ्यानं घाम पुसत होतो. बाई म्हणते, 'रुपया खोटा आहे का, भाऊ?' मी म्हटलं, 'नाही ताई, फारच खरा आहे.'"

मी नोटीस धाडली. मंडळाच्या वकिलाचे उत्तर आले: तक्रारदार स्वतः संग्राहक आहेत, त्यांनी राजीखुशीने बोली लावली, यादीतील शब्द हे विक्रीतील स्वाभाविक कौतुक असून मूल्याची हमी नव्हेत. उत्तर चांगले लिहिले होते. चांगल्या लिहिलेल्या खोटेपणाचा मला विशेष राग येतो.

मग मी एक गोष्ट केली, तिचा मला आजही अभिमान आहे. लिलाव बंद होऊन दीड महिना उलटल्यावर मी माझ्या नावाने एक पोस्टकार्ड टाकले: 'नग क्रमांक एक्केचाळीस, माझी बोली रुपये सव्वाशे.' पंधरा दिवसांत व्ही.पी. दारात. आत सालाखाली ठिपका असलेले नाणे आणि छापील पत्र: 'अभिनंदन! आपली बोली सर्वोच्च ठरली.' पाचशे एकाहून सव्वाशे सर्वोच्च! असे गणित कोणत्या शाळेत शिकवतात, ते मी पुढच्या पत्रात विचारले. उत्तर आले नाही.

ग्राहक संरक्षणाचा कायदा तेव्हा नवा होता, आणि त्यात माझ्यासारख्यास आवडावी अशी सोय होती: वकिलाशिवाय तक्रार मांडता येई, आणि तक्रारदाराने अधिकारपत्र दिले तर त्याच्या वतीने मलाही बोलता येई. मंडळ परगावचे असले तरी पैसे जळगावात पोस्टमनच्या हातावर पडले होते. म्हणजे कारण जळगावात घडले. तक्रार जळगावच्या ग्राहक मंचापुढेच चालेल, हे मी पहिल्याच परिच्छेदात ठोकून लिहिले.

प्रश्न आला सातव्या परिच्छेदात. नशिराबादचे नाणे तक्रारदाराकडे कसे आले? मी लिहिले: 'तक्रारदार कर्तव्यावर असताना सदर नाणे प्रवाशाकडून भाड्यापोटी मिळाले व तक्रारदाराने स्वतःचा एक रुपया रोकडीत टाकून ते स्वतःकडे ठेवले.'

तायड्यांनी वाचले आणि बोटाने ती ओळ दाबून धरली. "नाना, एवढी ओळ गाळा. बाजारात सुटे घेताना मिळालं, असं लिहा."

"बाजारात मिळाले होते का?"

"नव्हतं."

"मग शपथेवर कसे लिहू?"

"आमच्या पिशवीचा नियम कडक आहे. ड्युटीवर जाताना खिशातले स्वतःचे पैसे कागदावर नोंदवावे लागतात. पिशवीतलं नाणं बदलणं म्हणजे…"

"तुम्ही रुपयास रुपया दिलात. पिशवी पूर्ण भरली. सत्याला भ्यायचे कारण नाही."

हे वाक्य मी मोठ्या ऐटीत उच्चारले होते. सही त्यांची होती, ऐट माझी. त्यांनी सही केली. शपथपत्रास मी संग्रहाची यादीही जोडली, म्हणजे तक्रारदार हा नफेखोर नसून हौशी आहे हे दिसावे. दोन संध्याकाळी बसून दोनशे अकरा नोंदी केल्या. चार रकाने: क्रमांक, वर्णन, कोठे मिळाले, मूल्य. चौथ्या रकान्यात काय भरावे, असे मी विचारले. त्यांनी वहीचे पान उलटले. रकाना कोरा ठेवायचा नाही, हा माझा नियम. शिवाय 'ठिपक्याने नाण्याची किंमत वाढत नाही' हीच आपली बाजू. मी दोनशे अकरा वेळा लिहिले: 'दर्शनी मूल्य', म्हणजे नाण्यावर छापली आहे तेवढीच किंमत. ते शेजारी बसून पाहत होते.

मंडळाच्या वकिलाने पहिले काम काय केले असेल, तर आमच्या शपथपत्राची प्रत आगारप्रमुखांकडे धाडली. सोबत पत्र: 'आपल्या वाहकाने आपल्या रोकडीतील हजारो रुपये मूल्याचे दुर्मिळ नाणे परस्पर लांबविल्याची कबुली दिली आहे.' आठवडाभरात तायड्यांच्या हाती निलंबनाचा आदेश पडला. निवृत्तीस पावणेदोन वर्षे उरली होती. दोष सिद्ध झाला तर बडतर्फी, आणि पंचवीस वर्षांच्या नोकरीवर बोळा.

त्या दिवशी ते आले नाहीत. शांताबाई आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"नाना, इतलं खरं लिखाले तुमले कोनी सांगं?"

मी शपथपत्राची प्रत पुढे ओढली.

"त्या माणसानं कधी कोणाचं सुटं दाबलं नाही. लोकं म्हणतात, कंडक्टर तिकिटामागे 'बाकी' लिहितो आणि विसरतो. हे घरी येऊन म्हणायचे, 'आज भुसावळच्या म्हातारीचे चार आणे राहिले,' आणि दुसऱ्या दिवशी तिला शोधायचे. त्याले आते चोर म्हनतस." आणि मग शांतपणे: "तुम्ही लिहिलं, तुम्हीच पुसा."

लिहिलेले पुसता येत नाही. मात्र त्याच्याशेजारी दुसरा कागद ठेवता येतो. मी कपाट उघडले, नोटिशीला आलेले उत्तर काढले आणि आगारास गेलेल्या पत्राच्या प्रतीशेजारी टेबलावर ठेवले. दोन्हींवर सही एकाच वकिलाची. एकात तो म्हणत होता, मूल्याचे शब्द हे नुसते कौतुक, त्यांवर विसंबू नये. दुसऱ्यात म्हणत होता, नाणे हजारोंचे. मी शांताबाईंना म्हणालो, "अक्का, या माणसाने स्वतःच्याच पायात दोरी अडकवली आहे. मला फक्त ओढायची आहे." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी लगेच यंत्रात कागद चढवला.

सुनावणीच्या दिवशी मी पुराव्याचे तीन लिफाफे मांडले: निशाणी पाच, मंडळाने तायड्यांना पाठवलेले नाणे, निशाणी सहा, नशिराबादचे, निशाणी सात, माझे सव्वाशेचे. मंचाचे अध्यक्ष वयस्क, बारीक आवाजाचे गृहस्थ. त्यांनी भिंगाने तिन्ही नाणी पाहिली, मग दोन्ही पत्रे वाचली, आणि चष्मा काढून विचारले, "वकीलसाहेब, नाणे मौल्यवान आहे की नाही, एकदा ठरवा. असेल तर पुरावा दाखवा. नसेल तर यांचे पैसे परत करा. दोन्ही बाजूंनी वाजणारा ढोल या खोलीत चालणार नाही."

वकील हुशार होता. त्याने उत्तर टाळले आणि मोर्चा तायड्यांकडे वळवला. "तुम्ही बावीस वर्षे नाणी जमवता. तुम्हीच सांगा, या नाण्याची किंमत किती?"

उत्तर आम्ही ठरवून ठेवले होते. तरी त्यांनी आधी टेबलावरच्या तिन्ही लिफाफ्यांकडे पाहिले.

"एक रुपया."

"आणि तुमच्या घरच्या दोनशे अकरा नाण्यांची?"

तायड्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मागच्या बाकावर शांताबाई मांडीवर ती कापडी वही घेऊन बसल्या होत्या, त्यांच्याकडे पाहिले.

"यादीत लिहिलं आहे. दर्शनी. जेवढं नाण्यावर छापलंय तेवढंच."

"म्हणजे बावीस वर्षे तुम्ही सुटे पैसे जमवलेत?" वकील हसला. खोलीतले आणखी दोघे-तिघे हसले.

"हो साहेब. सुटे पैसे."

अध्यक्षांनी हसणाऱ्यांकडे पाहिले, तेव्हा हसू थांबले. पण व्हायचे ते होऊन गेले होते. कायद्याच्या दृष्टीने ते उत्तर निर्दोष होते. त्याहून चांगले उत्तर मलाही लिहिता आले नसते. ते माझेच उत्तर होते.

निकाल आमच्या बाजूने लागला. पाचशे एक रुपये परत, वर खर्च आणि मनस्तापाची भरपाई. आणि माझ्या विनंतीवरून एक वाक्य स्वतंत्र घातले गेले: 'सदर नाणे चलनातील सामान्य नाणे असून त्याचे मूल्य दर्शनी किमतीहून अधिक असल्याचा पुरावा नाही.' त्या वाक्याची प्रमाणित प्रत घेऊन मी त्याच दुपारी चौकशी अधिकाऱ्यांपुढे उभा राहिलो. रुपयाच्या नाण्याची किंमत एक रुपया, रोकडीत टाकला एक रुपया. मग लांबवले काय? अधिकाऱ्यांनी दोनदा वाचले. चोरीचा आरोप गेला, नियमभंगाबद्दल लेखी समज राहिली. आदेशात शेवटी असेही होते की नशिराबादचे नाणे रोकडीत जमा करून तायड्यांना त्यांचा बदली रुपया परत द्यावा. रोखपालाने तो दिला आणि त्याची सही घेतली. माझ्या आयुष्यात इतका नेमका आदेश मी दुसरा पाहिला नाही. तायडे कामावर रुजू झाले आणि पूर्ण सेवेनिशी निवृत्त झाले.

मंडळाने पुढच्या यादीत 'अपवादात्मक' ऐवजी 'लक्षवेधी' हा शब्द घातला. मी त्यावरही पत्र लिहिले.

दोन-अडीच वर्षांनी कामानिमित्त भडगावास गेलो, तेव्हा त्यांच्या घरी गेलो. शांताबाईंनी चहा दिला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर मी म्हणालो, "वही दाखवा की भाऊ."

त्यांनी ती आणली. मी पान उलटले. खिसा सपाट होता. दुसरा, तिसरा, सगळेच. चिठ्ठ्या मात्र जागच्या जागी होत्या.

"नाणी कुठे गेली?"

"दिली परत," ते म्हणाले. "रुजू झाल्यावर रोज ड्युटीच्या आधी चार-पाच नाणी खिशातले पैसे म्हणून कागदावर नोंदवायची, आणि सुटे म्हणून लोकांना द्यायची. दीड महिन्यात संपली."

"का पण?"

"आगारानं एक परत घेतलंच होतं. आणि कोर्टात मीच सांगितलं ना, सुटे पैसे. सुटे पैसे घरात बांधून ठेवणारा कसला कंडक्टर?" ते हसले. त्या हसण्यात राग नव्हता; असता तर मला सोपे गेले असते.

"यास्ले सांगा," शांताबाई आतून म्हणाल्या, "की चिठ्ठ्या म्या फेकू दिन्यात नही."

वहीच्या शेवटी माझीच यादी दोऱ्याने शिवून ठेवलेली होती. दोनशे अकरा ओळी, आणि प्रत्येकीच्या टोकाशी माझ्या यंत्राने उमटवलेले 'दर्शनी मूल्य'. गिरणेच्या पुलावरची आजी, दर्शनी मूल्य. वांग्याच्या पोत्यावरचा माणूस, दर्शनी मूल्य. ही विधाने असत्य नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण त्या चौथ्या रकान्याची त्या यादीस गरजच नव्हती. तो मी आखला म्हणून भरावा लागला.

माझ्या पाकिटात निशाणी सातचा लिफाफा होता. प्रकरण संपल्यावर मंचाने तो मला परत दिला होता आणि मी तो उगाच जवळ बाळगत असे. त्यातला रुपया काढून मी नशिराबादच्या त्या बाईच्या रुपयाच्या रिकाम्या खिशात ठेवला. मग पेन मागितले आणि यादीखाली हाताने नवी ओळ लिहिली. क्रमांक: दोनशे बारा. वर्णन: एक रुपया, सालाखाली ठिपका. कोठे मिळाले: जळगाव, ग्राहक मंच, भाऊराव तायडे यांनी खरे सांगितले त्या दिवशी.

"मूल्य?" तायड्यांनी वाकून विचारले.

मी पेनाचे टोपण लावले. चाळीस वर्षांत मी कोरा सोडलेला रकाना तो एकच.